कडेला झोपणारा माणूस

आमचा दादा गाद्या विकतो. चोवीस वर्षं, एकाच दुकानात, पहिल्या मजल्यावर. जिना चढून गेलं की अकरा पलंग ओळीने मांडलेले दिसतात, प्रत्येकावर वेगळी गादी, आणि त्यांच्या मधून हात मागे बांधून फिरणारा एक उंच, किंचित वाकलेला, टक्कल पडायला लागलेला माणूस. तो आमचा दादा. ही गोष्ट घडली तेव्हा वय वर्षं शेहेचाळीस. अविवाहित. हा शेवटचा शब्द मी मुद्दाम सुटा लिहिला, कारण आमचे नातेवाईकही तो असाच सुटा उच्चारायचे, एखाद्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा आवाज खाली आणून.

मी त्याची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे रागावण्याचा मला पगार मिळतो. दादावर मात्र मी फुकट रागावते.

दादाचा एक नियम आहे. मालकाचा नाही, कंपनीचा नाही, खास त्याचा. गादी घ्यायला आलेल्याने ती बोटाने दाबून बघायची नाही. चपला काढायच्या, आणि घरी त्या गादीवर जे जे झोपणार त्या सगळ्यांनी, घरी ज्या बाजूला झोपतात त्याच बाजूला, दहा मिनिटं आडवं व्हायचं. डोळे मिटून, तोंड बंद ठेवून. तोवर दादा त्यांच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभा राहतो आणि घड्याळात बघतो. "बोटाने दाबून कणीक बघतात, गादी नाही," असं त्याचं म्हणणं.

या दहा मिनिटांत काय काय होतं म्हणून सांगू! नव्या जोडप्यांना हसू आवरत नाही. लग्नाला पंधरा वर्षं झालेली जोडपी चौथ्या मिनिटाला भांडायला लागतात. "तुझं कोपर लागतंय" इथून निघालेली गाडी थेट सासूपर्यंत जाते. साठी उलटलेले लोक सरळ घोरतात. एक आजोबा तर काही केल्या उठेनात. शेवटी आजी खाली जाऊन सगळा बाजार करून आल्या आणि जाताना भाजीच्या पिशवीबरोबर त्यांनाही घेऊन गेल्या. दादा हे सगळं पाठमोरा ऐकतो. स्वतः तोवर एक दिवसही संसार न केलेल्या या माणसाला नुसत्या पाठीने हजारभर संसार कळलेले होते.

"बाप कोण ते मला विचारावं लागत नाही," तो म्हणतो. "सगळे झोपले की जो सरकत सरकत कडेला जातो, अर्धा बाहेर लटकतो आणि वर 'मला पुरतंय' म्हणतो, तो बाप."

हे तो नेहमी हसत सांगतो आणि सांगून झालं की उगाच एखाद्या चादरीची सुरकुती काढायला वळतो.

ज्यांची मुलं मधे झोपतात पण दुकानात बरोबर आलेली नसतात, त्यांच्यासाठी दादाने तीन लोड शिवून घेतलेत. एक वर्षभराच्या मुलाएवढा, एक चार वर्षांच्या, एक नऊ वर्षांच्या. आत कापूस, आणि वजन बरोबर यावं म्हणून वाळूच्या पिशव्या. नऊ किलो, सोळा किलो, सव्वीस किलो. वजनात दादा कुणाला फसवत नाही. दुकानात या लोडांना "दादाची पोरं" म्हणतात. गल्ल्यावर बसणाऱ्या मावशी तिथूनच ओरडतात, "अरे, तुझ्या थोरल्यावर कुणीतरी चहा सांडलाय बघ!" मग दादा धावत जातो, खोळ काढतो, धुतो, वाळवतो, परत चढवतो. सगळे हसतात. मीही हसायचे.

त्याचं लग्न का झालं नाही, असं विचाराल तर सांगण्यासारखं कारण नाही. कुणी त्याला फसवलं नाही, कुणासाठी तो झुरला नाही. माझं लग्न झालं, मग बाबा गेले, मग आईचं आजारपण सात वर्षं चाललं. दर वर्षी आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की बघायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण आमच्या नवऱ्याला कसली म्हणून घाई नव्हती, आणि आम्हालाही त्याचं असं बिनलग्नाचं असणं सोयीचं झालं होतं. आईला रात्री कूस बदलून द्यायला घरात माणूस होता. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मलाच माहीत आहे.

आई गेल्यावर तो आमच्या जुन्या दोन खोल्यांत एकटाच राहू लागला. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला म्हणून मी शाळा सुटल्यावर तशीच तिकडे गेले. लोकांना सहा सहा इंचांच्या गाद्या विकणारा हा मनुष्य स्वतः लोखंडी खाटेवर, कॉलेजात असताना घेतलेल्या गादीवर झोपायचा. ती इतकी पातळ झाली होती की तिला गादी म्हणायला सतरंजीचीही हरकत असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी त्याला ऐकवणारच होते, तेवढ्यात खाटेवर भिंतीच्या बाजूला काहीतरी दिसलं. धाकटा लोड. नऊ किलोवाला. त्याच्या अंगावर व्यवस्थित पांघरूण घातलेलं होतं.

"हे काय रे?"

"शिवण उसवली होती. दुरुस्तीला आणलाय."

मी पांघरूण काढून बघितलं. शिवण केव्हाच घातलेली होती. मग मला मावशींचं बोलणं आठवलं, की धाकटा लोड तीन महिने झाले सापडत नाही म्हणून मालक चिडलेत.

"नाव काय ठेवलंस?" मी हसत विचारलं.

दादा हसला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "चिमे, खोली फार गप्प असते गं." आणि थोड्या वेळाने, "मला बायको हवी होती. मुलं हवी होती. अजून हवी आहेत. पण या वयात बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून बोलत नाही."

पस्तीस पोरांच्या वर्गाला गप्प करणारी मी आत गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी दादासाठी स्थळं बघायला लागले, आणि जे काम आम्ही वीस वर्षं पुढे ढकललं होतं ते वीस दिवसांत उरकायचं असल्यासारखी लागले.

पहिलं स्थळ ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बाईंचं. चहाच्या दुकानात भेट ठरली. मी, आमचे हे, दादा आणि त्या. दादाने नवा शर्ट घातला होता. बाई आल्या, बसल्या, दादाने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "चौसष्ट किलो."

बाई म्हणाल्या, "काय?"

"तुमचं वजन. म्हणजे तुम्हाला मध्यम कडक चालेल. मऊ घेऊ नका."

वजन अगदी बरोबर होतं म्हणे. म्हणूनच त्या चहा अर्धा टाकून गेल्या. आमच्या ह्यांनी तो संपवला.

दुसरी भेट मी त्याच्याकडून पाठ करून घेतली. वजनाबद्दल बोलायचं नाही, गादीबद्दल बोलायचं नाही. पुस्तकं, हवा, प्रवास. या बाई घटस्फोटित होत्या, बोलायला मोकळ्या. वीस मिनिटं दादा हवेबद्दल बोलला. आता जमलंच, असं मला वाटायला लागलं. मग त्या उठल्या तेव्हा दादाने त्यांचा खांदा बघितला आणि हळहळून म्हणाला, "तुम्ही बरीच वर्षं डाव्या कडेला, पाठ करून झोपत होतात ना? डावा खांदा उतरलाय." त्या बाईंचा नवरा, आणि ती डावी कड, आणि ती फिरवलेली पाठ, हे सगळं विसरायलाच त्या बिचाऱ्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना दादाचा राग आला, आणि मला तर त्यांच्याही आधी आला होता.

तिसऱ्या स्थळाला आम्ही फक्त फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं की मागे पलंग का आहेत?

"पुरे आता," दादा म्हणाला. "मला माणसं बघता येत नाहीत, चिमे. मला फक्त झोपलेली माणसं बघता येतात."

आणि मग केकवाल्या बाई आल्या.

त्या दुकानात आल्या तेव्हा मी नव्हते. पण मावशी होत्या, आणि मावशी असल्या की मी असल्यातच जमा. बाई बेकरीत केकवर नक्षी काढतात, नावं घालतात. पहाटेपासून दुपारपर्यंत टेबलावर वाकून उभं राहायचं, त्यामुळे पाठ कामातून गेलेली. वय बेचाळीस. नवरा आठ वर्षांपूर्वी वारला, पदरात नऊ वर्षांची मुलगी. बाहीला साखरेची भुकटी लागलेली होती, असंही मावशींनी सांगितलं.

दादाने विचारलं, "पाठ नेमकी कुठे दुखते?"

बाईंनी दाखवलं. दादाने तिथल्या तिथे बजावलं, "एकाहत्तर किलोला मऊ गादी घेतलीत तर पाठ आणखी जाईल."

मावशी म्हणाल्या, "मी तर कपाळावर हात मारला."

पण बाई हसल्या. "बहात्तर. केकच्या कडा कापतो ना, त्या मीच खाते."

मग नियमाप्रमाणे दहा मिनिटं. मुलगी शाळेत होती, म्हणून दादाने थोरला लोड आणून मधे ठेवला. बाईंनी एक डोळा उघडून लोडाकडे बघितलं. "ही अशी गप्प पडत नाही हो. लाथा मारते."

"मग तिला घेऊन या. झोपणारे सगळे आले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन आल्या. पोरगी जिन्यातच चपला काढून आली आणि अकराच्या अकरा पलंगांवर लोळली. मग तिला लोड सापडले. ते काय आहेत हे दादाने तिला सांगितलं. हे चार वर्षांचं बाळ, आणि हा तुझ्याएवढा. पोरीने दोघांनाही नीट बघून घेतलं आणि विचारलं, "गादीकाका, ह्यांची आई कुठे आहे?"

गिऱ्हाइकाच्या कुठल्याही प्रश्नाला दादाकडे उत्तर असतं. गादी किती वर्षं टिकेल, उन्हात किती तास ठेवायची, डाग कशाने जातो. या प्रश्नावर मात्र तो खिडकीकडे वळला, आणि दहा मिनिटं व्हायला अजून वेळ असूनही घड्याळात बघत राहिला. मावशी म्हणतात, दहा मिनिटांसाठी आडव्या झालेल्या बाई झोपल्या जागेवरून त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

शेवटी त्यांनी सहा फूट रुंदीची मध्यम कडक फोमची गादी पसंत केली. दादा म्हणाला, "मॅडम, दोघींना सहा फूट कशाला? पाच फुटी पुष्कळ झाली. उगाच जास्त खर्च करू नका." मालक समोर उभे असताना! बाई म्हणाल्या, "असू दे. जागा असलेली बरी."

आमच्या बंधुराजांनी मान डोलावली आणि पावती फाडली.

आता कंपनीची एक योजना आहे. गादी आवडली नाही तर शंभर रात्रींच्या आत बदलून मिळते. चोवीस वर्षांत दादाची गादी कुणी बदलून नेली नव्हती. दहा मिनिटांचा नियम त्याचसाठी होता. त्यामुळे पंधराव्या दिवशी केकवाल्या बाई "मधे खड्डा पडतोय" म्हणत आल्या, तेव्हा दादाचा चेहरा पडला. त्याने गादी बदलून दिली. बाई येताना केक घेऊन आल्या होत्या. "कड तुटली, विकता येत नाही," म्हणाल्या. दोघांनी सातव्या नंबरच्या पलंगावर बसून तो खाल्ला, पोरीने शेजारी गृहपाठ केला, आणि तासाभराने त्या गेल्या.

महिन्याने दुसरी तक्रार: फार कडक आहे. पुन्हा केक, पुन्हा तासभर. मग तिसरी: आवाज येतो.

"फोमच्या गादीतून आवाज?" रविवारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा दादा अस्वस्थ होता. "स्प्रिंग नाही, काही नाही, आवाज कशाचा येईल? मी परत आलेली गादी जमिनीवर टाकून कान लावून पडलो अर्धा तास. काही नाही गं."

मी विचारलं, "केक आणला होता का?"

"हो. भल्या आहेत बाई. तक्रार करतात, पण तोंड गोड करून."

"कड तुटलेली होती?"

दादाने आठवून बघितलं. "नाही. यावेळी चांगला आख्खा होता. वर फुलं पण काढली होती."

आमचे हे जेवता जेवता थांबले. माझी दोन्ही मुलं थांबली. त्यातला धाकटा तेरा वर्षांचा आहे, त्यालासुद्धा कळलं. सगळे दादाकडे बघायला लागले, आणि दादा म्हणाला, "मला वाटतं फोमच्या त्या खेपेतच दोष आहे. कंपनीला पत्र लिहिलंय."

मी बोलणारच होते. ह्यांनी टेबलाखालून पाय दाबला. नंतर म्हणाले, "त्याचं त्याला कळू दे." काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा संपत आला की कळसा दिसेलच, असा त्यांचा हिशेब. गणित मी शिकवते, पण मीही तो मान्य केला. चूक झाली.

कारण दादाला मनापासून लागलं होतं. चौथ्या वेळी बाई "वास येतो" म्हणाल्या, तेव्हा तो गादीत नाक खुपसून पालथा पडलेला मालकांनी बघितला. त्याला झोप येईना. एका बाईची पाठ दुखतेय, ती आपल्याकडे विश्वासाने येतेय, आणि आपल्याला तिला साधी गादी देता येत नाही. शहाण्णवाव्या दिवशी बाई परत आल्या, हातात केकचा खोका, केसांत चक्क फूल. त्यांनी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मॅडम, मी हरलो. तुमच्यासाठी आमच्याकडे गादी नाही. तुमचे पैसे परत देतो. पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिथला माणूस जाणकार आहे, माझं नाव सांगा. आता तुम्हाला इथपर्यंत हेलपाटे घालायला नकोत."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. केकचा खोका न उघडता परत घेऊन.

संध्याकाळी दादाने हे सगळं मला सांगितलं आणि शेवटी विचारलं, "केक परत का नेला असेल गं?"

त्यानंतर मी जे बोलले ते आमच्या शेजाऱ्यांना अजून आठवतं. मी म्हटलं, जगात इतका ढ माणूस दुसरा नसेल. मी म्हटलं, त्या बाईची पाठ केव्हाच बरी झाली असेल, तुझं डोकं कधी बरं होणार? कोण बाई कामावरून थकून आल्यावर, मुलीचा हात धरून, चार चार वेळा जिना चढते? गादीसाठी? अख्ख्या दुकानाला कळलं, मावशींना कळलं, माझ्या धाकट्याला कळलं!

दादा खुर्चीवर बसला. "पण त्यांनी सांगितलं की आवाज येतो," तो म्हणाला.

"दादा!"

"आणि मी त्यांना पुढच्या चौकात पाठवलं." त्याचा चेहरा बघून माझा राग गेला. तो घाबरला होता. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या दारापर्यंत आलं होतं, आणि त्याने स्वतः त्याला पत्ता देऊन दुसरीकडे लावून दिलं होतं. "आता त्या यायच्या नाहीत, चिमे."

"मग तू जा."

"कशाला?"

"पैसे परत देतोयस ना? मग गादी कोण आणणार, त्या डोक्यावर घेऊन येणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन आम्ही गेलो. मी बरोबर गेले, कारण याला एकट्याला पाठवलं असतं तर तो गादी घेऊन परत आला असता. तिसरा मजला, दोन खोल्या. दाराशी छोटे बूट. खिडकीत वाळत घातलेला बेकरीचा पांढरा ॲप्रन. टेबलावर कालचा केकचा खोका, तसाच बांधलेला. बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि "या, आत आहे" एवढंच म्हणाल्या.

आतल्या खोलीत पोरगी गादीवर बसून चित्रं रंगवत होती. "गादीकाका! गादी का नेताय?"

"आईला त्रास होतो ना हिचा."

"आईला?" पोरगी म्हणाली. "आई तर पडल्या पडल्या झोपते. घोरते पण. आधी पाठ दुखायची, आता नाही दुखत. सगळ्या गाद्यांवर घोरली ती."

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे कान लाल झाले होते. मी दादाचा पाय दाबायच्या तयारीत होते, कारण तो आता "मग तक्रार का केलीत?" असं विचारणार याची मला खात्री होती. त्याने विचारलं नाही. तो गादीकडे बघत होता. मग त्याने मुलीला हळूच बाजूला केलं, चादर काढली आणि वाकून गादीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका कडेला मोठ्या माणसाची खूण. मधे लहान मुलाची, आडवीतिडवी, कारण लाथा. आणि दुसऱ्या कडेला दीड फूट गादी, जशी कंपनीतून आली तशी.

"ह्या बाजूला कुणी झोपतच नाही," दादा म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या.

"अशी एकाच बाजूने वापरली तर गादी लवकर बसते."

"मग ह्याला उपाय काय?"

दादाने हात मागे बांधले. मी मनात म्हटलं, हा आता सांगणार, आठवड्यातून एकदा गादी फिरवा. कारण उपाय तोच आहे, छापील पत्रकातही तोच लिहिलेला आहे.

बाईच बोलल्या. "आठ वर्षं सगळे मला विचारतात, मुलीचं कसं होणार. तुझं कसं आहे, असं कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, पाठ नेमकी कुठे दुखते. घरी आले आणि रडले मी. मग पुन्हा पुन्हा यावंसं वाटायचं. दुसरं काय सांगून येणार?"

दादा खिडकीकडे वळला, मग पुन्हा इकडे वळला. चोवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो दहा मिनिटांच्या आत वळला.

"उपाय आहे," तो म्हणाला. "पण त्याचं वजन एकोणऐंशी किलो आहे."

बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "एवढा केक खाल्लाय तुम्ही."

मी रडले. मला रडताना बघून पोरगी घाबरली आणि तिने टेबलावरचा खोका सोडून मला केक दिला. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. त्याला मी खिडकीतून सांगितलं, "जा तू, गादी इथेच राहणार आहे."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. साक्षीदार मी आणि मावशी. केकवर नावं वहिनींनी स्वतः घातली.

सगळं मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही. मुलासाठी दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली, आणि तिथून काय उत्तर आलं ते दादाने मला रविवारी जेवण झाल्यावर, गॅलरीत उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं. त्या आठवड्यात त्याने जुन्या खोल्यांतल्या खाटेवरचा तो धाकटा लोड पिशवीत घातला, दुकानात परत ठेवायला. पिशवी वाटेत वहिनींच्या, म्हणजे आता दादाच्याही, घरी थांबली तेवढ्यात पोरीने उघडली. "हा इथेच राहील," ती म्हणाली. "हा माझा भाऊ आहे." मालकांना दादाने नवा लोड शिवून दिला.

त्यामुळे आता त्या सहा फुटी गादीवर एका कडेला वहिनी, मग पोरगी, मग नऊ किलोचे चिरंजीव, अशी मंडळी असतात. पोरीच्या लाथा पूर्वीपेक्षा लांब पोचतात.

मागच्या सोमवारी दादा दुकानात आला तो डावा हात गळ्यात बांधून. मनगट मुरगळलं होतं. मावशी गल्ला सोडून उठल्या. मालक वर आले. दोन गिऱ्हाइकं चपला काढून आडवी झाली होती, तीही उठून बसली. सगळ्यांनी विचारलं, काय झालं, कुठे पडलास?

"पलंगावरून," दादा म्हणाला. "कडेला झोपलो होतो."

मावशींनी मला लगेच फोन केला. म्हणाल्या, हे वाक्य त्याने सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला, कुणी विचारलं नाही तरी सांगितलंय.